ठोसा मोजायला शिकताना

लॅबमध्ये नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांच्यापुढे ठोशांचे आलेख टाकतो, म्हणजे ठोशाचा जोर क्षणाक्षणाला कसा वाढला-उतरला त्याची रेघ, नावं झाकून. ओळखा, शिकलेला कोण आणि नवखा कोण. बहुतेक जण सगळ्यात उंच टोक शोधतात आणि तिथेच फसतात. अंगाने दणकट नवखाही कधीकधी उंच टोक देऊन जातो. बघायचा असतो तो आकार.

हे मला एका दुपारी कळलं. आधी दंड फुगलेला एक जण आला, ठोसा कधीच न शिकलेला. त्याचा आलेख म्हणजे रुंद, बसका उंचवटा. कपाट ढकलावं तसा. मग कराटे करणारी एक सडपातळ मुलगी. आलेखात सरळ सुळका, आणि लगेच खाली. ईएमजी, म्हणजे स्नायूतली विद्युत हालचाल टिपणारं यंत्र, लावल्यावर कोडं सुटलं. त्याचा कोपर वाकवणारा बायसेप्स कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सच्या बरोबरीने ताणलेला, म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर. तिचे स्नायू सुरुवातीला झटक्यात ताणले गेले, मध्ये सैल पडले आणि मूठ टेकताना पुन्हा आवळले. हा दुहेरी झटका एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) खेळाडूंवरच्या 2010च्या एका अभ्यासातही दिसला होता. शेवटच्या आवळण्यामुळे मुठीमागे हात आणि धडही ‘वजन’ म्हणून उभं राहतं.

पण खरी गंमत पायात आहे. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या बॉक्सरवरच्या एका अभ्यासात मुरलेल्यांच्या ठोशात पायाचा वाटा सुमारे 38 टक्के निघाला, खालच्या दर्जाच्यांत सुमारे 17. नवखा हाताने मारतो. शिकलेला जमीन रेटतो. तो रेटा कंबर, धड, खांदा असा क्रमाने वर चढतो आणि मूठ सर्वांत शेवटी सुटते. म्हणून फोर्स प्लेट, म्हणजे जमिनीवरचा रेटा मोजणारी पाटी, पायाखालीही हवी. नुसत्या पंचिंग बॅगेतल्या सेन्सरवर विसंबलात तर अर्धी गोष्ट हातची जाते.

माझी घोडचूक सांगतो. सुरुवातीला मी सेकंदाला 100 नोंदी घेत होतो. ठोशाचा स्पर्श जेमतेम 10 ते 20 मिलिसेकंदांचा, म्हणजे अख्ख्या सुळक्यावर एकदोनच ठिपके! दोन आठवड्यांचं काम कचऱ्यात गेलं. किमान 1000 नोंदी हव्यातच. आणि ‘जोरात मार’ म्हणू नका; नवखा लगेच सगळं अंग आवळतो. ‘झटकन मार’ म्हणा, आणि वाक्य सगळ्यांना तेच ठेवा.

एक शेवटचं. करंगळीमागच्या हाडाच्या फ्रॅक्चरला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात खरं, पण ते बहुधा भिंतीवर राग काढणाऱ्यांना होतं. म्हणून नवख्याला मूठ नीट वळायला, मनगट सरळ ठेवायला आणि तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या गाठींवर मारायला आधी शिकवायचं. कंबर आणि पायांबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. तेच तर मोजायचंय.