लिलावातली गाडी की मालकाकडची? उद्यमनगरातल्या मिस्त्रीचा सल्ला

माझं गॅरेज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. दसरा जवळ आला की कोणीतरी मोबाईल पुढं करतंच, "मिस्त्री, लिलावात लाखभरानं स्वस्त दिसत्या, घेऊ काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घरातली पहिली गाडी असेल तर मालकाकडून घ्या. लिलावाकडं वळायचं तर सोबत जाणकार मिस्त्री हवा, दुरुस्तीला हातात रोकड हवी आणि गाडीवाचून एक-दोन महिने अडता कामा नये.

लिलावात गाड्या दोन वाटांनी येतात. हप्ते थकले म्हणून बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं ओढून आणलेल्या, आणि विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही असं ठरवून विकायला काढलेल्या. दुसऱ्या प्रकारच्या गाडीची बोली घरगुती गिऱ्हाइकानं लावूच नये. ते काम सुटे भाग काढून विकणाऱ्यांचं.

कोल्हापुरात तर हे जास्तच जपावं लागतं, कारण महापूर. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५० फुटांच्याही वर गेलं होतं. तळघरात लावलेल्या गाड्या बुडाल्या, आणि धुऊन-पुसून, सीट कव्हर घालून विकलेल्या अशा गाड्या अजून माझ्या रॅम्पवर येतात. म्हणून त्याआधीची कुठलीही गाडी बघताना पहिला प्रश्न हाच विचारा: त्या दोन पुरांत ही कुठं उभी होती?

मग उत्तरावर न थांबता स्वतः तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातकट डाग असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. स्टेपनी काढून खालच्या खोलगट भागात बोट फिरवा. गाळ कोपऱ्यात राहतोच. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या पत्र्याच्या पट्ट्या गंजल्यात का बघा. वायरिंगचा एखादा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवून पिनांवर हिरवट थर आहे का बघा. काचा बंद करून एसी लावा आणि कुबट वास येतो का ते नाकानं ठरवा. इंजिन दुरुस्त होतं हो, पण भिजलेलं वायरिंग वर्षानुवर्षं छळतं. एअरबॅग वेळेला उघडेल का, याची खात्री मग कोणीच देऊ शकत नाही. त्या गाडीत तुमची पोरंबाळं बसणार आहेत.

बँकेच्या लिलावात गाडी 'जशी आहे, जिथं आहे' या अटीवर विकतात. नंतर तक्रारीला जागा नाही. आधी अनामत भरायची, बोली तुमच्या नावावर सुटली तर उरलेली रक्कम दिलेल्या मुदतीत भरायची. ती चुकली तर अनामत जाते. बघायच्या दिवशी यार्डात जाता येतं, पण रस्त्यावर चालवून बघायला सहसा देत नाहीत. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी गेलेली असते, टायर बसलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. दुसरी चावी बहुतेक नसतेच.

म्हणून बोली उलट्या बाजूनं काढा. समजा तशी चांगली गाडी बाजारात ४ लाखांना मिळते. टायर, बॅटरी, क्लच आणि सर्व्हिसिंगला ६० हजार धरा. नावावर करणं, चावी, यार्डातून आणणं यांना १५ हजार. न दिसलेल्या कामाला ४० हजार बाजूला. उरले २ लाख ८५ हजार. त्यावर जीएसटी किंवा लिलावाचं कमिशन वेगळं असेल तर तेही वजा करा. उरलेला आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि बोली त्याच्या वर गेली की उठा. शेजारचा वाढवतोय म्हणून वाढवलेली बोली मला कधी फायद्यात गेलेली दिसली नाही.

पैसे भरायच्या आधी कागद विचारा: आरसी आहे का, नसेल तर बँक फॉर्म ३६ करून स्वतःच्या नावे नवी काढून देणार का, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि एनओसी (ना-हरकत दाखला) कधी मिळणार. ई-चलन आणि थकलेला कर कोणी भरायचा, हेही लेखी घ्या.

मालकाकडच्या गाडीचा मोठा फायदा म्हणजे माणूस समोर असतो. सकाळी त्याच्या घरी जा, आणि मी येण्याआधी गाडी सुरू करू नका असं फोनवर सांगा. बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर कारण विचारा. थंड इंजिनचा पहिला आवाज आणि पहिला धूर बरंच सांगून जातो. चालवून बघायला रंकाळ्याभोवतीची चक्कर पुरत नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळचा चढ चढवा. क्लच घसरत असेल तर आवाज वाढेल आणि गाडी मागं राहील. तापमानाचा काटाही तिथंच बोलतो.

जुन्या विम्याच्या पॉलिसी मागा. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो. मालक तोच, आणि बोनस मधेच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी काय झालं ते विचारा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरानंतर लगेच शून्यावर आला असेल तर गाडी सोडून द्या.

निपाणी-बेळगावकडची, म्हणजे कर्नाटकातली केए पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिकडची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरून हिशेब करा.

कर्ज बाकी असेल तर मालकाच्या हातात पैसे न देता दोघं मिळून बँकेत जा आणि रक्कम थेट कर्जखात्यात भरा. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. आरटीओत ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, आणि विमा नावावर करायला मुदत १४ दिवसांची. मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळं विम्याला थोडे जास्त पैसे बाजूला ठेवूनच भाव ठरवा.