महापालिकेने मुलांसाठी ठेवलेला पैसा मुलांपर्यंत पोहोचतो का, हे नागरिकांनी कसे तपासावे

महापालिकेच्या अंदाजपत्रकात ‘मुले आणि युवक’ असे एकच लेखाशीर्ष (खर्च ज्या नावाखाली नोंदवतात ते सदर) शोधायला गेलेला नागरिक बहुधा हात हलवत परततो. हा पैसा विखुरलेला असतो. शाळांचा खर्च प्राथमिक शिक्षण विभागाकडे, शाळेच्या इमारतीची दुरुस्ती बांधकाम विभागाकडे, मैदान क्रीडा विभागाकडे, त्याच मैदानाच्या कोपऱ्यातली घसरगुंडी मात्र उद्यान विभागाकडे, तर बालवाड्या, पाळणाघरे आणि युवकांचे प्रशिक्षणवर्ग समाज विकास किंवा समाजकल्याण विभागाकडे असतात. अभ्यासिकांचा खर्च तर कधी कधी नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत दडलेला सापडतो. अंगणवाड्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली, म्हणजे केंद्र व राज्य शासनाच्या पैशातून चालतात. त्यामुळे त्यांच्याविषयीचा प्रश्न महापालिकेत विचारला, तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ हे उत्तर मिळते आणि ते खरेही असते. म्हणून देखरेखीची सुरुवात आकड्यांपासून करण्याऐवजी कोणती गोष्ट कोणत्या विभागाकडे आहे, हे एका कागदावर मांडण्यापासून करावी.

पहिली पायरी : एकच बाब निवडावी

मुंबई महापालिकेचे शिक्षणाचे अंदाजपत्रक स्वतंत्रपणे मांडले जाते आणि २०२५-२६ मध्ये ते सुमारे ३,९५५ कोटी रुपयांचे होते. एवढ्या रकमेवर एखाद्या मोहल्ला समितीने लक्ष ठेवायचे म्हटले, तर महिन्याभरात उत्साह मावळतो. त्याऐवजी आपल्या वस्तीतल्या मुलांच्या हाताला लागणारी, डोळ्यांना दिसणारी आणि मोजता येणारी एकच बाब निवडावी : एका शाळेचे गणवेश, एका उद्यानातील खेळणी, एक अभ्यासिका किंवा एक शिष्यवृत्ती. पुणे महापालिका दहावी आणि बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांना मौलाना अबुल कलाम आझाद आणि अण्णा भाऊ साठे यांच्या नावाने अर्थसाहाय्य देते. अशा योजनेत अर्ज किती आले, पात्र किती ठरले आणि रक्कम कोणत्या महिन्यात जमा झाली, या तीनच प्रश्नांवर वर्षभराचे काम निघते.

तारखेचा हा प्रश्न मी रकमेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानतो. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. दिवाळीनंतर हाती पडलेला गणवेश हिशेबाच्या वहीत शंभर टक्के खर्च म्हणूनच दिसतो, पण मुलाने निम्मे वर्ष गेल्या साली आखूड झालेल्या कपड्यांत काढलेले असते. पैसा खाल्ला गेला का, एवढेच विचारणारा माणूस ही गळती कधीच पकडू शकत नाही.

दुसरी पायरी : अंदाजपत्रकातले तीन आकडे शेजारी ठेवावेत

बहुतेक महापालिकांची अंदाजपत्रके संकेतस्थळावर असतात. आयुक्त फेब्रुवारीच्या सुमारास ते स्थायी समितीपुढे, म्हणजे आर्थिक प्रस्ताव मंजूर करणाऱ्या निवडक नगरसेवकांच्या समितीपुढे, मांडतात आणि पुढे सर्व नगरसेवकांची मुख्य सभा त्याला मंजुरी देते. प्रत्येक लेखाशीर्षासमोर साधारणपणे तीन आकडे असतात : सरलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची सुधारित तरतूद आणि येत्या वर्षाचा अंदाज. वृत्तपत्रांत येतो तो तिसरा आकडा. नागरिकाने पाहायचा तो पहिला. मागील तीन-चार वर्षांची पुस्तके उघडून एकाच लेखाशीर्षाची मूळ तरतूद (त्या वर्षासाठी आधी मांडलेला अंदाज) आणि प्रत्यक्ष खर्च समोरासमोर लिहिला, की दरवर्षी मोठी रक्कम जाहीर होऊन वर्षअखेरीस निम्मीही खर्च न होणाऱ्या योजना आपोआप वर येतात.

मधल्या काळात पैसा कुठे जातो, याचे उत्तर ‘वर्गीकरण’ या महापालिकेच्या खास शब्दात आहे. एका लेखाशीर्षातली रक्कम दुसऱ्याकडे वळवण्याचा प्रस्ताव म्हणजे वर्गीकरण. हे प्रस्ताव डिसेंबरपासून मार्चपर्यंत भराभर येतात आणि ‘सदर तरतूद चालू वर्षी खर्ची पडणे शक्य नसल्याने’ अशा निरुपद्रवी वाक्याने सुरू होतात. मुलांच्या क्रीडासाहित्याचे पैसे पदपथाच्या फरशांना गेले, हे कळण्याची जागा म्हणजे स्थायी समितीची विषयपत्रिका. ती दर आठवड्याला चाळावी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

महापालिकांनी महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा, असे राज्य शासनाचे धोरण आहे. येथे दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे हे ५ टक्के नेमके कशाचे काढले आहेत, कारण एकूण अंदाजपत्रकाचे ५ टक्के आणि बंधनकारक खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचे ५ टक्के यांत फार अंतर पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ‘महिला व बाल’ या जोडशब्दात बालकांचा वाटा किती, कारण शिलाई यंत्रे आणि मेळावे यांवरच हा निधी संपला, तरी कागदोपत्री नियम पाळलेलाच असतो.

तिसरी पायरी : माहिती मागावी, खुलासा मागू नये

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करताना ‘गणवेश उशिरा का मिळाले?’ असा प्रश्न विचारला, तर तो फेटाळला जाण्याची शक्यता असते, कारण माहिती अधिकाऱ्याने अस्तित्वात असलेले अभिलेख द्यायचे असतात, कारणे शोधून द्यायची नसतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयापुरता आणि साधारणतः १५० शब्दांत बसवावा लागतो. शुल्क १० रुपये असते आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ असते. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल :

‘आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये महापालिका शाळांतील विद्यार्थ्यांच्या गणवेशाबाबत पुढील अभिलेखांच्या प्रती मिळाव्यात : मूळ तरतूद, सुधारित तरतूद व प्रत्यक्ष खर्च दर्शवणारी नोंद, पुरवठ्याचा कार्यादेश, शाळानिहाय पोहोच पावत्या, अदा केलेल्या देयकांची तारीखवार यादी, आणि या लेखाशीर्षातून वर्गीकरण झाले असल्यास त्या ठरावाची प्रत.’

काही महापालिका गणवेशाऐवजी रक्कम थेट बँक खात्यात जमा करतात. तेथे पोहोच पावतीऐवजी किती खात्यांत रक्कम जमा झाली, किती व्यवहार परत आले आणि परत आलेल्यांचे पुढे काय झाले, याची शाळानिहाय संख्या मागावी. मुलांची नावे, जात किंवा खाते क्रमांक मागू नयेत. कायद्याने ते मिळणार नाहीत, आणि मिळाले तरी एका अल्पवयीन मुलाचा तपशील सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरवणे ही देखरेख नव्हे.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचे शुल्क भरून प्रथम अपील करावे, आणि त्यानेही समाधान न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जावे. आयोगापुढे प्रकरणे दीर्घकाळ पडून राहतात, त्यामुळे शक्यतो त्या दारापर्यंत जाण्याची वेळ येऊ देऊ नये.

त्याला एक चांगला पर्याय आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिकांसह स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता यावेत, अशी तरतूद करण्यात आली. आधी दूरध्वनी करून कोणती फाइल पाहायची आहे ते सांगावे, म्हणजे ‘संबंधित कर्मचारी रजेवर आहेत’ हे वाक्य ऐकावे लागत नाही. फाइल हाती आली, की वरची पत्रे बाजूला ठेवून आधी टिपणीची पाने वाचावीत. कोणी कधी प्रस्ताव पाठवला, कोणत्या टेबलावर तो किती दिवस थांबला आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’ कोणी लिहिले, हे तेथे तारखेनिशी सापडते.

चौथी पायरी : कागद घेऊन जागेवर जावे

आमच्या प्रभागातील एका बालोद्यानाची फाइल आम्ही अशाच एका सोमवारी पाहिली. खेळण्यांखाली अंथरायच्या रबरी फरशीचे पूर्वगणनपत्रक (कामाआधीचा खर्चाचा अंदाज) १४० चौरस मीटरचे होते, झालेले काम मोजून नोंदवण्याच्या मोजमाप पुस्तिकेतही १४० चौरस मीटरच नोंदवले होते आणि देयकही तेवढ्याचेच निघाले होते. तिन्ही कागद एकमेकांशी इतके तंतोतंत जुळत होते, की तेवढ्यानेच शंका यावी, कारण प्रत्यक्ष कामात दोन-चार मीटर इकडे-तिकडे होतातच. त्या संध्याकाळी महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुलींनी टेप धरला, एका लहानग्याने झोपाळ्यावरून सूचना दिल्या, आणि बेरीज ९६ चौरस मीटरवर थांबली.

आम्ही कोणावरही आरोप केला नाही. मोजणीचा आराखडा, सहा छायाचित्रे आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानाची प्रत जोडून संयुक्त पाहणीची विनंती करणारे एक पानी पत्र दिले. तीन आठवड्यांनी ‘नोंदीत नजरचूक झाली’ असे उत्तर आले आणि फरकाची रक्कम ठेकेदाराच्या अनामतीतून वळती झाली. ती वळती होऊ शकली याचे कारण दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर राहण्याची मुदत, अद्याप संपलेला नव्हता. तो संपला आणि अनामत परत गेली, की वसुलीचा मार्ग फार लांबचा होतो. म्हणून कार्यादेशातील (ठेकेदाराला काम सोपवणाऱ्या पत्रातील) ही तारीख सर्वांत आधी वहीत उतरवून घ्यावी.

पाचवी पायरी : शाळेत आधीच असलेला अधिकार वापरावा

सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९१ मध्ये मतदारांनीच कौल देऊन मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा मुलांसाठी बाजूला काढला आणि २०१४ मध्ये त्याला २५ वर्षांची मुदतवाढ देताना देखरेखीसाठी ११ जणांची नागरिक समिती नेमली. आपल्याकडे शहराच्या पातळीवर असे काही नाही, परंतु शाळेच्या पातळीवर आहे आणि तेही कायद्याने. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ याच्या कलम २१ नुसार महापालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा अन्य कोठूनही शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम असल्याचे त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे.

प्रत्यक्षात अनेक पालकांना आपण या समितीवर आहोत, हे सहीसाठी वही घरी आल्यावर समजते. त्यामुळे मागील वर्षाच्या बैठकांचे इतिवृत्त मागणे, ही येथली पहिली कृती असावी. इतिवृत्तात जमा-खर्चाचा विषय एकदाही आला नसेल, तर पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत तो लेखी घालून घ्यावा.

पोषण आहाराची तपासणीही याच वाटेने सोपी होते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, तर सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा निकष आहे. पालकांकडे प्रयोगशाळा नसते, पण तीन संख्या असतात : वर्गाचा पट, त्या दिवशीची हजेरी आणि ज्यांना आहार दिला असे नोंदवले त्यांची संख्या. पावसाने शाळा अर्धी रिकामी असलेल्या दिवशीही तिसरी संख्या पटाच्या जवळ जात असेल, तर त्या महिन्याची नोंदवही नीट वाचावी. अशा दिवसांची यादी करताना शिक्षकांना विश्वासात घ्यावे. नोंदी त्यांना कराव्या लागतात आणि शहरांत अन्न बहुधा बाहेरच्या स्वयंपाकगृहातून येत असल्याने पुरवठादार निवडण्यात त्यांचा काही हात नसतो.

सहावी पायरी : लेखापरीक्षण आणि पुढचे अंदाजपत्रक

महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक आपले आक्षेप स्थायी समितीपुढे ठेवतात. त्या अहवालातील ‘आक्षेपाधीन रक्कम’ आणि ‘वसूलपात्र रक्कम’ हे दोन रकाने शिक्षण, क्रीडा आणि समाज विकास या विभागांपुरते पाहावेत. मागील आक्षेपांची पूर्तता झाली का, हा प्रश्न नवा घोटाळा शोधण्यापेक्षा अधिक फलदायी ठरतो, कारण त्यात चूक महापालिकेच्याच लेखापरीक्षकाने नोंदवलेली असते. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांत मार्च २०२२ पासून काही वर्षे लोकनियुक्त सभागृहच नव्हते आणि प्रशासकच प्रस्ताव मांडत व मंजूरही करत. त्या काळातील आक्षेप तर आवर्जून उघडून पाहण्यासारखे आहेत.

हाती आलेली माहिती फेब्रुवारीत घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण तोवर विभागांनी आपापल्या मागण्या पाठवलेल्या असतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांना प्रभागातील कामे सुचवण्याचा अधिकृत मार्ग आहे आणि त्याचे अर्ज अंदाजपत्रकाच्या कितीतरी आधी मागवले जातात. तेथे बाके, पदपथ आणि दिव्यांचे खांब यांची रांग लागते, मुलांसाठीच्या मागण्या फार थोड्या येतात. आपल्या शहरात असा मार्ग नसेल, तर क्षेत्रीय कार्यालयात गणेशोत्सवाच्या आसपासच लेखी सूचना द्यावी. सूचनेत विभागाचे नाव, लेखाशीर्ष, मागील तीन वर्षांचा प्रत्यक्ष खर्च आणि किती मुलांना उपयोग होईल ही संख्या असावी, आणि ती एका वाक्यात मागणी सांगणारी असावी. अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याची मागणी असेल, तर तिथे बसणाऱ्या मुलामुलींच्याच सह्या घ्याव्यात. मुलींना रात्री तिथून घरी परतताना कोणत्या गल्लीत दिवा हवा, हे त्या मोठ्यांपेक्षा नेमके सांगतात आणि मागणीत तो दिवाही घालता येतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आवक क्रमांक, तारीख व शिक्का असलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलू नये.