टर्कीसाठी बंदुकीचा मारा कागदावर कसा तपासायचा

टर्की म्हणजे कोंबडीपेक्षा पुष्कळ मोठा पक्षी. त्याच्या अंगावर छर्रे मारून उपयोग नसतो. पिसं दाट, छातीचं मांस जाड. पक्षी जखमी होऊन झाडीत शिरतो आणि तिकडेच मरतो. नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर, म्हणजे वीत-दीड वीत उंचीच्या, मनगटाएवढ्या जाडीच्या जागेवर. तिथे एकाच वेळी बरेच छर्रे पोचतात की नाही, हे काडतुसाच्या खोक्यावरचं वाचून कळत नाही. कागद फोडूनच कळतं.

माझा भाचा अमेरिकेत मिझुरीत असतो. तिथे वसंतात परवाना काढून रानटी टर्कीची शिकार करता येते. बंदूक, पैसे आणि हौस त्याची, मोजणी माझी. सोलापुरात जॅकार्ड चादरींचे ग्राफ काढण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे ठिपके मोजायचा कंटाळा म्हणून येत नाही. त्याने पाठवलेले फोटो छापून ओसरीवर पसरले की शेजारी विचारतोच, "काय मोजूलालास बे?"

आधी इथल्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य तर आपल्या उशाशीच. शेतराखणीची बारा बोअर घरात आहे म्हणून माळावर जाऊन हे करून बघू नका. हे लिहिलंय ते तिकडे असलेल्या आपल्या पोरांसाठी.

जागा म्हणजे परवानगी असलेली रेंज, किंवा मागे मातीचा भक्कम बांध असलेली स्वतःची जमीन. डोळ्यांना चष्मा, कानांना बोंडं. कागदापाशी जाताना बंदूक रिकामी आणि उघडी. यात कुणी घाई केली तर त्याला घरी पाठवा.

कागद मोठा घ्या, निदान तीन फूट रुंद. पॅकिंगचा ब्राउन पेपर झकास. मधोमध रुपयाएवढा काळा ठिपका काढा, नेम त्याच्यावर. एका कागदावर एकच बार! पैसे वाचवायला दोन बार एकाच कागदावर काढले, तर कुठलं भोक कुठल्या बाराचं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बार काढण्याआधीच कोपऱ्यात लिहून ठेवा: बंदूक, चोक (नळीच्या तोंडाशी बसवायचं, मारा आवळणारं नळकांडं), काडतुसाचं नाव, छऱ्याचा नंबर, अंतर.

सुरुवात स्वस्त, हलक्या काडतुसांनी आणि जवळून करा. टर्कीची काडतुसं खांद्याला बेदम धक्का देतात. दोन-चार बारांत माणूस डोळे मिटून चाप ओढायला लागतो, आणि मग दोष बंदुकीला. हलक्या बारांनी नेम कुठे लागतो तेवढं बघा. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. नेम बसला की मग खरी काडतुसं काढा आणि 20, 30, 40 वार असं मागे सरका. (कापडातलाच वार, म्हणजे यार्ड. तीन फूट.)

आता मोजणी. नेहमीच्या चोकची परीक्षा 40 वारांवर 30 इंच व्यासाच्या वर्तुळात घेतात. त्यात सुमारे 70 टक्के छर्रे पडले तर फुल चोक. टर्कीला हे माप ढगळ होतं. इथे वर्तुळ 10 इंचांचं. ते वहीला घालतात त्या पारदर्शक प्लॅस्टिकवर काढून कापून घ्या आणि कागदावर सरकवत जिथे भोकं सगळ्यांत दाट दिसतील तिथे ठेवा. काळ्या ठिपक्याशी त्याचा संबंध नाही. मग वर्तुळाचा मध्य ठिपक्यापासून किती लांब पडला ते पट्टीने मोजा. दोन-तीन इंचांपेक्षा जास्त असेल तर आधी तेच सुधारा. सरकवता येणारी साइट (नेम धरायची खूण) किंवा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) असेल तर सोपं. नळीवर नुसता नेमाचा मणीच असेल तर गाल दस्त्यावर नीट टेकतोय का ते बघा. मान वर राहिली की मारा वर जातो.

वर्तुळावर फुलीच्या दोन रेघा मारून चार पाव करा. प्रत्येक पावाला वेगळ्या रंगाचं पेन, आणि मोजलेल्या प्रत्येक भोकावर टिंब. जवळच्या अंतरावर कागदाला एखादं मोठं फाटकं भोक दिसतं, ते छऱ्यांच्या मागच्या प्लॅस्टिकच्या वाटीचं. ते धरायचं नाही. फोटो काढून कुणाला पाठवणार असाल तर कागद खिडकीवर, उजेडासमोर धरा आणि समोरून काढा. भोकं दिव्यासारखी दिसतात. भाच्याने तिरपे काढलेले फोटो मी परत करतो.

40 वारांवर 10 इंचांत 100 छर्रे हा तिकडचा चालू हिशेब. मला नुसती बेरीज पुरत नाही. समजा 102 आले, पण पाव असे: 38, 31, 25, 8. बेरीज पास, बंदूक नापास. त्या आठच्या पावात टर्कीचं डोकं आलं तर? म्हणून पुठ्ठ्यातून डोकं-मानेचा आकार कापा आणि वर्तुळात चारी बाजूंना ठेवून बघा. कुठेही ठेवला तरी कवटीत आणि मणक्यात मिळून दहाएक छर्रे हवेत.

एका कागदावर विश्वास नाही. प्रत्येक अंतरावर तीन तरी कागद काढा, आणि त्यातला सगळ्यांत वाईट कागद धरा. तो ज्या अंतरापर्यंत पास, तेवढीच तुमच्या बंदुकीची मजल. तीस वार आली तर तीस. टर्की पस्तिसावर उभी असेल तर उभी राहू दे.

मारा पसरट येतोय? एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्यांदा काडतूस, मग चोक. चोक जितका घट्ट तितकं बरं, हा समज सोडा. फार आवळला की छर्रे चेपतात आणि मारा ठिगळाठिगळांचा होतो. चोकवर लिहिलेलं वाचा, कुठले छर्रे चालतात ते त्यावर असतं. पोलादाचे छर्रे भलत्या चोकमधून काढू नका. शिशात 4, 5 आणि 6 नंबर चालतात. नंबर वाढला की छर्रा बारीक: एका औंसात चारचे सुमारे 135, पाचचे 170, सहाचे 225. टंगस्टनचे शिशापेक्षा पुष्कळ जड, म्हणून 9 नंबरचा बारीक छर्राही आत शिरतो, आणि एका काडतुसात कितीतरी जास्त मावतात. किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. काही राज्यांत छऱ्याच्या आकारावर मर्यादा असते, ती त्या वर्षीच्या नियमांत बघून घ्या.

दहा वारांवरही एक कागद फोडा. हे बरेच जण टाळतात. घट्ट चोकमधून मारा तिथे मुठीएवढाच असतो, म्हणजे टर्की अगदी पुढ्यात आली की चुकायची शक्यता उलट वाढते. तो कागद एकदा पाहिला की जवळच्या पक्ष्यावर नेम धरताना हात सावध होतो.

शेवटचे बार टेबलावरून नकोत. शिकारीत बसता तसं जमिनीवर, पाठ झाडाला टेकवून, गुडघ्यावर बंदूक ठेवून, तोच जाडा कोट आणि हातमोजे घालून काढा. कोटाच्या जाडीने दस्ता खांद्याला वेगळा बसतो आणि मारा सरकू शकतो. चोक दर दोन-तीन बारांनी, बंदूक रिकामी करून, घट्ट आहे का बघा. फिरून सैल होतो.