गाडीच्या एसीला कुबट वास? आधी केबिन फिल्टर बघा की
आमच्या बेळगाव-खानापूरकडं पावसाळा सरला की उसाच्या ट्रॅक्टरमागची धूळ सुरू, आणि एसीचा वारा कमी झाला की लोक थेट गॅस भरायला पळतात. आधी केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बघा की! बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या (डाव्या सीटपुढच्या कप्प्याच्या) मागं असतो, बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मग झाकणाची क्लिप काढून फिल्टर सावकाश आडवाच ओढायचा नाहीतर सगळा कचरा ब्लोअरच्या पंख्यात. माझ्या गाडीत वाळकी पानं अन् बोटभर लाल माती निघाली! काढायच्या आधी फोटो मारून ठेवा, नव्यावरचा बाण हवा जाते त्याच दिशेला पाहिजे. आणि कागदी फिल्टर धुवून परत घालू नका, ओला राहिला की वास डबल.