लेट नाइट शो राजकारणामुळे बुडाले का? हा दावा पारखण्याची रीत

१७ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने ‘द लेट शो विथ स्टीफन कोल्बेअर’ हा लेट नाइट शो (रात्री उशिरा लागणारा विनोद आणि गप्पांचा कार्यक्रम) मे २०२६ मध्ये कायमचा बंद करणार असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी दोन तयार स्पष्टीकरणे समोर आली. एका बाजूचे म्हणणे असे की, सूत्रसंचालकांनी डेमोक्रॅटिक पक्षाची बाजू घेतल्यामुळे अर्धा देश दुरावला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, डोनाल्ड ट्रम्प यांची मर्जी राखण्यासाठी मालकांनी कार्यक्रमाचा बळी दिला. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. यापुढे अशी बातमी वाचनात आली, तर तिची छाननी कशी करावी, याची रीत येथे मांडली आहे.

पहिले काम आकड्याचे. बातमीत ‘प्रेक्षक घटले’ असे असेल, तर कोणते प्रेक्षक, हे आधी पाहावे. एकूण प्रेक्षकसंख्या ही एक गोष्ट आणि १८ ते ४९ या वयोगटातील प्रेक्षकसंख्या ही दुसरी. जाहिरातदार आजवर प्रामुख्याने दुसरीसाठी पैसे मोजत आले आहेत. त्याच रात्रीचे प्रेक्षक मोजले आहेत की पुढील सात दिवसांत रेकॉर्डिंग पाहणारेही धरले आहेत, यानेही आकडा बदलतो. शिवाय टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन या संस्थेने २०२५ च्या शरद ऋतूपासून मोजणीची पद्धत बदलली आहे, त्यामुळे त्याआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष लगेच मान्य करू नये. यूट्यूबवरच्या तुकड्यांचे लाखो व्ह्यूज हे तर वेगळेच खाते आहे.

आकडे नीट कळले की तुलना करावी, आणि माझ्या मते साऱ्या तपासणीचा कणा हाच आहे. राजकीय पक्षपात हेच घसरणीचे मूळ असेल, तर जो कार्यक्रम राजकारणापासून दूर राहिला तो टिकायला हवा होता. एनबीसीवरील ‘द टुनाइट शो’चे जिमी फॅलन हे खेळ, गाणी आणि पाहुण्यांशी हलक्याफुलक्या गप्पा यांसाठी ओळखले जातात. २०१४ मध्ये त्यांनी कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत त्यांना सरासरी ३५ लाखांच्या वर प्रेक्षक होते. २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत ते सुमारे १२ लाखांवर आले. कोल्बेअर यांचा कार्यक्रम २०१७-१८ च्या हंगामात ३८ लाखांच्या आसपास होता आणि त्याच तिमाहीत तो सुमारे २४ लाखांवर होता. म्हणजे उघडपणे राजकीय असलेल्या कार्यक्रमाने साधारण एक तृतीयांश प्रेक्षक गमावले, तर तुलनेने अराजकीय कार्यक्रमाने दोन तृतीयांश. कोल्बेअर यांचा कार्यक्रम २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला तेव्हा मागेच होता. ट्रम्प सत्तेवर आल्यानंतर, २०१७ मध्ये, तो फॅलन यांच्या पुढे गेला. निष्ठावान प्रेक्षक त्याला राजकारणानेच मिळवून दिले. ‘राजकारणाने बुडवले’ म्हणणाऱ्यास या आकड्यांचे उत्तर द्यावे लागते.

याच्या उलट पुरावा म्हणून फॉक्स न्यूजवरील ग्रेग गटफेल्ड यांचे नाव नेहमी पुढे केले जाते. त्यांचा कार्यक्रम २०२१ पासून रोज रात्री लागतो, उघडपणे उजव्या बाजूचा आहे आणि २०२५ मध्ये त्याला सुमारे ३० लाख प्रेक्षक होते. मात्र २०२३ पासून तो पूर्व किनाऱ्यावर रात्री १० वाजता लागतो, जेव्हा पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजलेले असतात. बाकीचे कार्यक्रम दोन्ही किनाऱ्यांवर स्थानिक वेळेनुसार रात्री ११.३५ ला सुरू होतात. त्याच्या आधी त्याच विचारांच्या बातम्यांची अखंड मालिका असते. वेळ आणि आधीचा कार्यक्रम सारखा नसताना केलेली तुलना अर्धवटच राहते. तरीही या उदाहरणातून एक गोष्ट मान्य करावी लागते: पक्षपाती विनोदाला प्रेक्षक नाहीत, असे मुळीच नाही. तो एका बाजूचा प्रेक्षक घट्ट बांधतो आणि दुसऱ्या बाजूचे दार बंद करतो.

आता पैशाकडे वळावे, कारण निर्णय शेवटी तेथे होतात. सीबीएसने हा ‘निव्वळ आर्थिक निर्णय’ असल्याचे म्हटले आणि कार्यक्रमाला वर्षाला सुमारे ४ कोटी डॉलरचा तोटा होत असल्याच्या बातम्या आल्या. असा आकडा दिसला की उत्पन्नाची बाजू शोधावी. प्रमुख वाहिन्यांच्या लेट नाइट कार्यक्रमांचे जाहिरात उत्पन्न २०१८ मध्ये सुमारे ४३.९ कोटी डॉलर होते, ते २०२४ मध्ये जवळपास २२ कोटींवर आले. खर्च मात्र त्या प्रमाणात खाली आला नाही: स्वतःचे थिएटर, वाद्यवृंद, लेखकांची फळी आणि रोज नवा भाग, हा डोलारा ज्या काळी तीनच मोठ्या वाहिन्या होत्या त्या काळच्या उत्पन्नावर उभा राहिलेला आहे. त्यात राजकीय विनोदाची स्वतःची एक अडचण आहे, जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. आजच्या बातमीवरचा विनोद उद्या शिळा होतो. जुनी मालिका स्ट्रीमिंगवर वर्षानुवर्षे पाहिली जाते, पण तीन वर्षांपूर्वीच्या मंगळवारचा मोनोलॉग (सूत्रसंचालकाचे सुरुवातीचे विनोदी निवेदन) कोणी शोधून पाहत नाही. तोच मोनोलॉग त्या रात्री यूट्यूबवर मात्र वेगाने पसरतो, आणि तेथील उत्पन्न टीव्हीच्या जाहिरातीची जागा भरून काढत नाही.

हा आर्थिक दाब राजकारणापलीकडेही आहे, याची खूण मध्यरात्रीनंतरच्या वेळेत सापडते. जेम्स कॉर्डन यांचा कार्यक्रम २०२३ मध्ये संपला. त्या जागी सीबीएसने ‘आफ्टर मिडनाइट’ हा स्वस्त खेळाचा कार्यक्रम आणला आणि तोही २०२५ मध्ये थांबला. त्यानंतर ती वेळ बायरन ॲलन यांच्या कंपनीने पैसे मोजून घेतली. जी वाहिनी त्या वेळेसाठी खर्च करत होती, ती आता भाडे घेते. एनबीसीनेही २०२४ मध्ये सेथ मेयर्स यांच्या कार्यक्रमातील वाद्यवृंद काढला आणि फॅलन यांचे नवे भाग आठवड्याला पाचाऐवजी चार केले.

मग पक्षपाताने काहीच बिघडले नाही का? बिघडले, पण ते आकड्यांत शोधण्यापेक्षा मोनोलॉगमध्ये शोधावे. एक पूर्ण मोनोलॉग कागद-पेन्सिल घेऊन पाहावा आणि प्रत्येक वाक्यानंतर स्टुडिओतून काय ऐकू येते, ते टिपावे. हास्य एकदम फुटते आणि विस्कळीत असते. टाळ्या किंचित उशिरा येतात, एकसारख्या वाजतात आणि त्यांत ‘बरोबर बोललात’ असा सूर असतो. टाळी घेणारी वाक्ये हशा पिकवणाऱ्या वाक्यांहून जास्त भरली, तर तो कार्यक्रम विनोदाकडून सभेकडे सरकला आहे. शेजारच्या रकान्यात विनोदाचे लक्ष्य लिहावे, आणि स्वतःच्या बाजूच्या नेत्यावर किती वेळा बोट ठेवले गेले, तेही पाहावे. मला हे नुकसान खरे वाटते. दिवसभराच्या भांडणानंतर वेगवेगळ्या मतांची माणसे एकाच गोष्टीवर हसू शकतील, अशी जागा लोकशाहीत मोलाची असते.

मात्र या ठिकाणी जुन्या काळाचे दाखले सावधपणे घ्यावेत. जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे ‘द टुनाइट शो’ चालवला आणि दोन्ही पक्षांना चिमटे काढले. वॉटरगेटच्या काळात निक्सन यांनाही सोडले नाही. त्यांना मोठा प्रेक्षक मिळाला, तो त्या समतोलामुळे जसा मिळाला, तसाच त्या वेळी रात्री पाहण्याजोगे पर्याय मोजके होते म्हणूनही मिळाला.

शेवटची तपासणी सत्तेच्या दबावाची, आणि ती पक्षपातापासून काटेकोरपणे वेगळी ठेवावी. त्यासाठी तारखा क्रमाने लिहाव्यात. जुलै २०२५ च्या प्रारंभी सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने ट्रम्प यांनी दाखल केलेल्या दाव्यात त्यांच्याशी १.६ कोटी डॉलरची तडजोड केली. कोल्बेअर यांनी तिला लाच म्हटले. तीन दिवसांत कार्यक्रम बंद करण्याची घोषणा झाली. आणि त्यानंतर आठवड्याभरात एफसीसी या प्रसारणाचे नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेने पॅरामाउंट-स्कायडान्स विलीनीकरणास मंजुरी दिली. सप्टेंबरमध्ये उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर एबीसी वाहिनीवरील सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी केलेल्या एका टिप्पणीवरून एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी उघड इशारा दिला, स्थानिक टीव्ही केंद्रे चालवणाऱ्या नेक्स्टार आणि सिंक्लेअर या कंपन्यांनी आपल्या केंद्रांवर किमेल यांचा कार्यक्रम दाखवण्यास नकार दिला आणि एबीसीने तो १७ तारखेला थांबवला. २३ तारखेला किमेल परतले, तेव्हा अनेक शहरांत कार्यक्रम दिसत नसतानाही ६० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. एवढा क्रम समोर ठेवून दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: या प्रसंगात पैशाचे कारण किती जुने होते, आणि नियामकाच्या हाती त्या कंपनीची कोणती मंजुरी अडकलेली होती. कोल्बेअर यांच्या बाबतीत दोन्हींची उत्तरे ठोस मिळतात, म्हणून कोणतेही एकच कारण सांगणारा लेख तेथे अपुरा ठरतो. किमेल यांच्या त्या आठवड्यात प्रेक्षकसंख्या किंवा तोटा हा विषयच नव्हता. नेक्स्टारची टेग्ना ही कंपनी विकत घेण्याची परवानगी मात्र एफसीसीकडून मिळायची बाकी होती.