गरब्यासाठी कुरळे केस: डिफ्यूझर नीट कसा वापरायचा

पितृपक्ष संपत आला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या पार्लरमध्ये एकच विचारणा सुरू होते. "ताई, यंदा केस मोकळे सोडायचेत, पण ड्रायर लावला की पिंजारतात." डिफ्यूझर, म्हणजे ड्रायरच्या तोंडाला बसवायची भोकांची, आत बोटांसारखे दांडे असलेली वाटी, आहे का विचारलं, तर निम्म्याजणींकडे असतो. ड्रायरसोबत आलेला, खोक्यातच पडलेला!

केस ओला झाला की त्याच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, तो ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. उघड्या ड्रायरचा झोत नेमका त्याच वेळी बटा उधळून लावतो. डिफ्यूझर तीच हवा पसरवून मंद करतो, म्हणून वळण जागच्या जागी वाळतं. बाकी सगळं या एका गोष्टीवरून ठरतं: वाळेपर्यंत बट हलू द्यायची नाही.

विकत घेणार असाल तर आपल्या ड्रायरच्या तोंडाचा व्यास मोजून घ्या. "सगळ्यांना बसतो" म्हणून विकलेला सैल असेल तर ऐन वेळी निसटतो. आणि जुन्या घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट जेमतेम १३८० वॉट पेलतो. १८०० वॉटचा ड्रायर १६ अँपिअरलाच लावा.

विंचरायचं ते न्हाताना, कंडिशनर लावलेलं असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने. नंतर कंगव्याला हात लावायचा नाही. केस निथळत असतानाच लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचं कंडिशनर) आणि त्यावर जेल. घरी उकळलेलं अळशीचं जेलही उत्तम चालतं, फक्त फ्रिजमध्ये ठेवा, लवकर खराब होतं. मग जुना सुती पंचा घ्या आणि केस खालून वर मुठीत दाबून पाणी टिपा. टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणं विसरा. नव्या सोसायट्यांमधल्या बोअरच्या जड पाण्याने केसांवर क्षार बसतात, मग कुठलंच जेल धरत नाही. तिथे अधूनमधून क्षार काढणारा शाम्पू लागतो.

आता ड्रायर. उष्णता मध्यम, वेग कमीत कमी. पहिली काही मिनिटं केसांना अजिबात न टेकवता डिफ्यूझर भोवताली फिरवा. जेलचा वरचा थर जरा कडक झाला की मान एका बाजूला कलती करा, ड्रायर बंद करा, खाली लोंबणाऱ्या बटा डिफ्यूझरच्या वाटीत गोळा करा, हलकेच टाळूकडे न्या आणि मग सुरू करा. अर्धा-पाऊण मिनिट धरा. बंद करा, तेव्हाच बाजूला घ्या. चालू ठेवून ओढलात की त्या बटेचे तंतू विखुरलेच म्हणून समजा. चालू-बंद, चालू-बंद कंटाळवाणं आहे, मान्य. पण सगळी करामत तिथेच आहे. फुगवटा हवा असेल तर डोकं पूर्ण खाली घालून हेच करा. मुळांशी डिफ्यूझरची बोटं नुसती टेकवा, घासू नका.

एरवी मी थोडा ओलसरपणा ठेवून थांबते, उरलेलं वाऱ्यावर वाळतं. गरब्याला मात्र पूर्ण वाळवा. अर्धवट ओले केस घेऊन तीन ताळीच्या (तीन टाळ्यांच्या गरब्याच्या) फेरीत उतरलात तर तासाभरात कापूस. शेवटी थंड हवेचं बटण दाबून एकदा सगळीकडून फिरवा.

केस या वेळी शेवयांसारखे कडक लागतील. घाबरू नका, तो जेलचा थर आहे. पूर्ण गार झाल्यावर तळहाताला दोन थेंब तेल चोळून केस मुठीत चुरगळा. कडकपणा जातो, वळण राहतं. घामाने कपाळाजवळचे केस पुन्हा ओले होणारच, त्यावर इलाज नाही. तेवढे मागे पिनेत अडकवा, चनियाचोळीवर शोभतातही.

नऊ दिवस रोज न्हायची गरज नाही. रात्री परतलात की टाळूवर सैल अंबाडा, उशीला सॅटिनचा अभ्रा. दुसऱ्या दिवशी बिघडलेल्या चार-पाच बटाच पाण्याच्या फवाऱ्याने ओल्या करून बोटाभोवती वळवा आणि तेवढ्यांनाच डिफ्यूझर द्या.