फॉन्ट निवडण्याआधी ‘शेतकऱ्यांच्या’ लिहून बघा

लातूरला डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी, शिकायला येणारी पोरं आल्या आल्या विचारतात, “सर, सगळ्यात भारी फॉन्ट कोणता?” मी विचारतो, वाचणार कोण आणि कुठून? चौकातला फ्लेक्स चालत्या गाडीवरून वाचतात, क्लासच्या नोट्स पोरं रात्री तासन् तास वाचतात. दोन्हीला एकच फॉन्ट कसा चालेल?

त्याआधी युनिकोड समजून घ्या. त्यात प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक असतो. कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. छापखान्यांतल्या जुन्या फायली अजून त्यातच आहेत, म्हणून ते यायला हवं. पण नवं काम युनिकोडमध्येच करा. तोच मजकूर मग व्हॉट्सॲपवर, वेबसाइटवर, छपाईत, कुठेही चालतो.

आता प्रकार. इंग्रजीत टाइम्स न्यू रोमनसारखे टोकांना पाय असलेले सेरिफ आणि एरियलसारखे बिनपायांचे सॅन्स सेरिफ, हे दोन मोठे गट. देवनागरीत मुख्य फरक रेघेत बघायचा. बोरूने लिहिल्यासारखी रेघ कुठे जाड, कुठे बारीक होत असेल, तर तो फॉन्ट पुस्तकाला, लांब लेखाला शोभतो. तिरो देवनागरी मराठी हा त्यातला माझा आवडता. सगळीकडे सारख्या जाडीची रेघ असेल, तर मोबाइल, फॉर्म, दरपत्रक, पाटी. इथे मुक्त (Mukta) नावाचा फॉन्ट घ्या. त्यात बारीकपासून ठसठशीतपर्यंत 7 जाड्या मिळतात. बलू, मोदक, यात्रा वन हे शीर्षकाचे फॉन्ट. दोन-चार शब्दांपुरते छान दिसतात, आख्खा परिच्छेद त्यांत लावला की डोळे दुखतात. हस्ताक्षरासारखा कलम निमंत्रणाच्या एखाद्या ओळीला पुरे. लग्नपत्रिकेत वधू-वरांची नावं नक्षीदार चालतील, पण मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता साध्याच फॉन्टमध्ये ठेवा. आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे. तिरोपासून कलमपर्यंत नावं घेतलेले हे देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात आणि धंद्याच्या कामालाही चालतात.

कुठलाही फॉन्ट हाती आला की मी आधी ‘शेतकऱ्यांच्या लढ्याला’ एवढंच टाइप करतो. ‘ऱ्या’तला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा आला पाहिजे. त्याऐवजी ‘या’च्या डोक्यावर रफार चढला, तर आधी ‘ऱ’ नीट टाइप झालाय का ते बघा, मग सॉफ्टवेअर बघा. इनडिझाइनमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत परिच्छेदाच्या सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडल्याशिवाय जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसत नाहीत. मग ल आणि श बघा. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा. 2009 च्या शासन निर्णयातही हीच रूपं आहेत. विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये ल हिंदी वळणाचा येतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांसाठी फलक करायचा आणि ‘शेतकऱ्यांच्या’ हाच शब्द मोडका छापायचा, हे मला अजिबात पटत नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, “दादा, नाव लांबून दिसलं पाहिजे बगा.” म्हणून लगेच बोल्डचं बटण दाबू नका. फॉन्टमध्ये खरी बोल्ड जाडी नसेल तर सॉफ्टवेअर नुसती रेघ फुगवतं आणि ‘ष्ठ’, ‘क्ष’ यांची पोटं भरून जातात. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेखा तुटते. अक्षर मोठं करा, शब्द कमी करा. नोट्सना 12-13 पॉइंट ठेवा आणि ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, कारण वर मात्रा आणि खाली उकार असतात.

फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (नुसत्या आकृत्यांमध्ये) बदला, म्हणजे त्याच्याकडे फॉन्ट नसला तरी अडत नाही. पण टाइप केलेली मूळ प्रत वेगळी सेव्ह करून ठेवा. शुभेच्छुकांच्या यादीत छपाईच्या तासभर आधी हमखास एक नाव वाढतं.